पाण्यात शेजार आहे

पाहुणा घरी आला की आपण पाणी विचारतो. पण खालच्या आळीतले काका घरी आले की आमच्याकडे पाणी विचारायची कोणाची छाती व्हायची नाही. ते तांब्याभांड्याला हात लावत नसत. खांद्यावरच्या खाकी पिशवीतून स्वतःचा काचेचा ग्लास काढायचे, रुमालाने पुसायचे आणि "ह्यात ओत" म्हणून पुढे करायचे. मग ग्लास घेऊन दारातल्या उन्हात जायचे. एक डोळा मिटून बघायचे, वास घ्यायचे, एक घोट तोंडात घेऊन गाल फुगवून भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत उभे राहायचे. घरातली माणसं दहावीचा निकाल लागायचा असावा तशी गप्प. पाणी पसंत पडलं तर गिळायचे. नाही पडलं तर अंगणात जाऊन चूळ टाकायचे आणि वळून म्हणायचे, "ह्या पाण्यात शेजार आहे."

शेजार म्हणजे शेजाऱ्याच्या संडासाच्या टाकीतून जमिनीत मुरलेलं पाणी. आमची रत्नागिरीची जमीन जांभ्याची. जांभा दिसायला दगड, पण आतून सगळा भोकाभोकांचा. वरच्या अंगाला काही मुरवलं की ते खाली कोणाच्या तरी बावीत उतरणार, आज नाही तर चार दिवसांनी. विहिरीला आमच्याकडे बाव म्हणतात आणि शहरात अजूनही बऱ्याच घरांना बाव आहे, नळ आले तरी. ही जांभ्याची गोष्ट आमच्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असते. मोठं होऊन घर बांधायला काढलं की मात्र ती नेमकी विसरायला होते.

त्यांची उभी हयात पाणी तपासायच्या नोकरीत गेलेली. गावोगावच्या विहिरी, टाक्या, झरे. बाटलीत नमुना घ्यायचा, जंतू मारायची टीसीएल पावडर टाकायची, कागद भरायचा. निवृत्त झाल्यावर कागद भरणं तेवढं थांबलं, बाकी सगळं चालू राहिलं. बायको लवकर गेली, मूलबाळ नाही. खालच्या आळीत वडिलोपार्जित घराच्या दोन खोल्या, एक सायकल आणि ही पिशवी. पिशवीत ग्लास, टीसीएलची पुडी आणि एक बारकी बाटली. त्या बाटलीतले दोन थेंब पाण्यात टाकले आणि पाणी पिवळं झालं, म्हणजे त्यात औषध आहे. पिवळं झालं की म्हातारा असा खूश व्हायचा की घरात मुलगा झाला म्हणून पेढे मागतो की काय असं वाटावं.

माणूस म्हणून असह्य होते, हे मी आधीच सांगून टाकतो. ते गेल्यापासून आळीत त्यांना संत करायचा कोणी प्रयत्न केलेला नाही, पण मी करायला लागलो तर मला आवरा. एका लग्नात आम्ही सगळे पंगतीला बसलो होतो आणि हे गायब. बघतो तर मांडवामागे, विहिरीपासून संडासापर्यंत पावलं मोजत चाललेत. मोठ्याने. "अकरा, बारा, तेरा." तेराव्या पावलाला संडासाची भिंत लागली. परत येऊन वधूपित्याला म्हणाले, "मी जेवत नाय. तुम्ही पण जेवू नका." वधूपित्याच्या हातात जिलबीचं ताट होतं. त्या लग्नानंतर त्यांना आमंत्रणं यायची बंद झाली, आणि त्यांचं त्यावर म्हणणं असं की बरं झालं, आहेराचा त्रास वाचला.

कोणी भेटलं की नमस्कार नाही, बरे आहात ना नाही. "पोट साफ आहे?" हा पहिला प्रश्न. बाजारात, बँकेत, देवळात, बायकांनासुद्धा. आमची आई त्यांना लांबून बघितलं की रस्ता बदलायची.

आणि एवढं सगळं करून माणूस विड्या ओढायचा. दिवसाला एक कट्टा. मी एकदा त्यांना चांगलं पकडलं. म्हटलं, "काका, लोकांना आरोग्य शिकवता आणि स्वतः हे?" त्यांनी शांतपणे झुरका घेतला.

"फुप्फुसं माझी आहेत रे. बाव माझी एकट्याची नाय."

मला तेव्हा ते उत्तर म्हणजे पळवाट वाटली. पण त्या एका वाक्यात त्यांचं सगळं शास्त्र होतं. माणसाने स्वतःची तब्येत कशी ठेवावी, चालावं किती, तेल किती खावं, ह्यात त्यांना काडीचा रस नव्हता. त्यांना शहराच्या तब्येतीचं वेड होतं. शहर निरोगी का असतं आणि आजारी का पडतं, ह्यावर ते तासन्‌तास बोलायचे आणि ऐकणारा उठून गेला तरी बोलायचे थांबायचे नाहीत.

लोक देवाला जातात तसे हे एस.टी.त बसून गावं बघायला जायचे. मुरुडला गेले आणि समुद्र न बघता परत आले. बुरोंडीला गेले तर मासे न आणता आले. विचारलं तर म्हणायचे, वेळ नाय मिळाला. वेळ कशात गेला? त्या गावातलं सगळ्यात खालचं घर शोधण्यात. उतारावर सगळ्यात शेवटी जे घर असेल, जिथे सगळ्या गावाचं सांडपाणी वाहून येतं, तिथे जायचं, दार वाजवायचं आणि पाणी मागायचं. त्या पाण्यावर गावाला मार्क. वरच्या बंगल्यांची रांग कितीही देखणी असो, तिला मार्क नाहीत.

"शहर कसं आहे ते वरनं कळत नाय," ते म्हणायचे. "वरचा माणूस कुठेही बराच असतो. खालच्या घरातलं पोर दर पावसाळ्यात हगवणीने झोपतं का, ते बघ. नाय ना झोपत? मग ते शहर चांगलं. तिथे वरच्याने टाकी बांधताना खाली वाकून बघितलेलं असतं."

मुंबईहून आमचे नातेवाईक मे महिन्यात यायचे, गॅलरीत उभे राहून छाती भरून श्वास घ्यायचे आणि म्हणायचे, "तुमच्याकडची हवा काय हो मस्त! आयुष्य वाढतं इथे." एकदा हे नेमके तेव्हा आले होते. म्हणाले, "हवा देवाची आहे. पाणी आपलं आहे. देवाचे मार्क आपण कशाला घ्यायचे?"

ही गॅलरी कुठली, ते आता सांगायला हवं. इथपर्यंत मी तुम्हाला हसवत आणलं, कारण हसवण्याचा भाग सोपा आहे.

खालच्या आळीच्या वर चढावर आमची जागा होती. अण्णांची, म्हणजे माझ्या वडिलांची. हापूसची चौदा कलमं आणि एक जुनं कौलारू घर. अण्णांनी आणि मी मिळून ती बिल्डरला दिली. अण्णा नको म्हणत होते, मी हो म्हणायला लावलं, असं म्हटलं तर जास्त खरं होईल. चार मजली बिल्डिंग झाली, सोळा फ्लॅट. आम्हाला तीन मिळाले. एकात आम्ही राहिलो, दोन विकायचे होते. मी सोसायटीचा सेक्रेटरी झालो, कारण जागेचा जुना मालक म्हणून लोक मला मान देत होते आणि मला तो आवडत होता.

संडासाची टाकी बिल्डरने मागच्या कुंपणाला लागून बांधली. टाकीतलं पाणी मुरवायचा शोषखड्डा तिच्याही पलीकडे, अगदी उताराच्या तोंडावर. नकाशात तो दुसरीकडे होता. तिथे चार गाड्या उभ्या राहतील असं बिल्डर म्हणाला आणि मी म्हटलं, बघा तुम्ही. खड्डा खणताना मी तिथे उभा होतो. जांभा कापताना लाल भुगा उडत होता. खाली वाकलं की खालच्या आळीची सामायिक बाव दिसत होती, आणि तिच्यावर पाणी काढणारी वनिता.

वनिता म्हणजे काकांच्या शेजारच्या घरातली सून. नवरा बोटीवर खलाशी, नऊ-नऊ महिने लांब. ती घरी ब्लाउज शिवायची, माझ्या बायकोचेही तीच शिवायची. हसरी, बोलकी, काकांवर ओरडणारी आळीतली एकमेव बाई. "काका, विडी बाहेर!" म्हटलं की हे निमूटपणे उठून जायचे. त्यांना ती भाकरी द्यायची. ते दर रविवारी सकाळी पदरच्या पैशाने बावीत टीसीएल टाकायचे. आमची बिल्डिंग उभी राहिल्यापासून चमचा थोडा जास्तच. तिला वास यायचा, ती कुरकुर करायची, पण आळीत कोणाचं पोट बिघडत नव्हतं. हे कशामुळे, ते मला तेव्हा कळलं नव्हतं. आळीलाही नाही.

आमच्या भागात एक जुनी रीत होती. वैशाखात बाव उपसायची. सगळी घरं जमायची, पुरुष खाली उतरून गाळ काढायचे, बायका बादल्या ओढायच्या. तळ घासून झाला की झरे मोकळे व्हायचे, आणि दुसऱ्या दिवशी जे नवं पाणी चढायचं त्यातला पहिला तांब्या वरच्या घरच्या माणसाने प्यायचा. खालच्याने नाही, वरच्याने. वरचं घर म्हणजे आमचं. माझ्या आजोबांनी प्यायला, अण्णांनी प्यायला. लहानपणी मला तो मान वाटायचा. तो मान नव्हता, ती परीक्षा होती, हे मला काकांनी सांगितलं. वर राहणाऱ्याने वर्षभर काय केलं, ते त्याच्याच घशात ओतायचं.

नळ आल्यावर रीत बारगळली होती. बिल्डिंगमध्ये राहायला येऊन आम्हाला वर्ष झालं तेव्हा काकांनी ती पुन्हा काढली. दोन गडी लावले, स्वतः साठीच्या पुढचा माणूस दोर धरून उभा राहिला, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी मला बोलवायला आले.

"चल. वरच्या घरचा तू."

आळीतली पंधरा-वीस माणसं जमली होती. कोणी बावीला हळदकुंकू वाहिलं होतं. वनिताने तांब्या भरून माझ्या हातात दिला. तिला तेव्हा नुकते दिवस राहिले होते, लग्नाला सात वर्षं झाल्यावर. पाणी स्वच्छ दिसत होतं. मी तांब्या तोंडाला लावला, मान मागे केली, घसा हलवला आणि एक थेंब आत जाऊ दिला नाही. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी मिशा पुसल्या. काकांनी माझ्या हातातून तांब्या घेतला, आत बघितलं आणि माझ्याकडे बघितलं. दिला होता तेवढाच भरलेला तांब्या त्यांच्या हातात परत आला होता.

त्यानंतरच्या आठवड्यात ते रोज सोसायटीच्या ऑफिसात यायला लागले. खड्डा हलवा. टाकीला सिमेंटचा तळ करा. मी म्हणायचो, मीटिंगला ठेवतो. ते म्हणायचे, कधी? मी म्हणायचो, बघू. सोळातल्या अकरा फ्लॅटवाल्यांचं म्हणणं असं की म्हाताऱ्याचं डोकं फिरलंय आणि खर्च कोण करणार. माझं म्हणणं काय होतं? माझं म्हणणं असं होतं की दोन फ्लॅट अजून विकायचे आहेत. पाण्याचा बोभाटा झाला तर गिऱ्हाईक फिरकणार नाही. हे मी कोणाला बोललो नाही, बायकोलाही नाही.

एका दुपारी त्यांनी आमच्या टाकीच्या चेंबरचं झाकण उचललं आणि आत एक पुडी रिकामी केली. गळती शोधायला वापरतात ती पूड. कोरडी असताना तांबडी दिसते, पाण्यात पडली की पोपटी होते. कोणाला अपाय करत नाही. त्यांनी ते लपवूनही केलं नाही. दोन फ्लॅटमधल्या बायका गॅलरीतून बघत होत्या. वर तोंड करून त्यांना म्हणाले, "चार दिवस थांबा. तुमचं पाणी कुठे जातं ते दाखवतो."

चार दिवसही लागले नाहीत. तिसऱ्या दिवशी सकाळी वनिताने बादली वर ओढली आणि किंचाळली. बादलीत पोपटी पाणी होतं.

शंभर भाषणांनी जे कळलं नसतं ते एका बादलीने दाखवलं होतं. आळीतली माणसं बावीभोवती उभी, आणि काका वर आमच्या बिल्डिंगकडे बोट दाखवून सांगतायत, "हा रंग परवा ह्यांच्या संडासात होता. आज तुमच्या बादलीत आहे. रंग दिसतोय म्हणून ओरडताय. जे दिसत नाय ते वर्षभर पिताय."

मी तेव्हा धावलो. आयुष्यात मी एवढ्या चपळाईने दुसरं कुठलं काम केलेलं नाही. तासाभरात सोसायटीच्या लेटरहेडवर अर्ज लिहिला, बारा सह्या घेतल्या आणि पोलिसांकडे दिला. अर्जात लिहिलं, सदर इसमाने सार्वजनिक विहिरीत विषारी रंग टाकला. चेंबरमध्ये नाही, विहिरीत. आमच्या दोन बायकांनी डोळ्यांनी बघितलं होतं ते चेंबर होतं. त्यांनीही सही केली.

हवालदार बरा माणूस होता. त्याने काकांना खुर्ची दिली, चहा दिला आणि आम्हाला म्हणाला, "म्हातारा माणूस आहे, कशाला वाढवताय? माफी लिहून द्या आणि विषय मिटवा." माफी लिहायचं काम माझ्याकडे आलं, अक्षर चांगलं म्हणून. मी तीन वाक्यं लिहिली. मी विहिरीत रंग टाकला. त्याबद्दल मला खेद आहे. यापुढे मी कोणत्याही विहिरीत काहीही टाकणार नाही.

त्यांनी चष्मा काढून कागद डोळ्यांजवळ नेला. वाचला. पुन्हा वाचला.

"विहिरीत?" ते म्हणाले.

मी त्यांना बाहेर व्हरांड्यात नेलं. म्हटलं, "काका, हे असं लिहिलं की बिल्डिंगवाले शांत होतील. शांत झाले की मी मीटिंग घेतो. पावसाच्या आत खड्डा हलवतो. तुम्हाला खड्डा हलायला हवा ना? मी शब्द देतो."

"अण्णांची शपथ घे."

मी घेतली. अण्णा तेव्हा होते.

"माझी अब्रू गेली तर चालेल," ते म्हणाले. "तशी पण लग्नात कोण बोलवत नाय. पण खड्डा हलव. ती पोर पोटुशी आहे रे. पोटुशीला ह्या पाण्यातली कावीळ झाली तर टिकत नाय. मी बघितलेलं आहे, नोकरीत, दोनदा."

आणि आत जाऊन सही केली.

खड्डा हलला नाही. मी मीटिंग घेतली, हे खरं. सात जण आले, कोरम झाला नाही. दुसरी घेतली तेव्हा कोणी म्हणालं, आता त्याने लिहूनच दिलंय, मग प्रश्न कुठे उरला? मी पुढचा विषय घेतला. मग पाऊस लागला आणि पावसात कुठे खोदकाम करतात, असं मीच मीटिंगच्या वहीत लिहिलं. त्या महिन्यात एक फ्लॅट विकला गेला.

काकांनी बावीत टीसीएल टाकायचं सोडलं. सोडलं म्हणजे काय, पहिल्याच रविवारी पुडी घेऊन गेले तेव्हा आळीतल्या चार जणांनी त्यांना हात धरून बाजूला केलं. तुम्ही लिहून दिलंय ना, बावीत काही टाकणार नाय म्हणून? मग ते घरोघर फिरले. पाणी उकळा, उकळा. पण ज्याने स्वतःच्या सहीने कबूल केलंय की रंग मी बावीत टाकला, त्याचं कोण ऐकणार? आळीच्या डोक्यात एवढंच बसलं की पाणी पहिल्यापासून चांगलं होतं, म्हाताऱ्यानेच घाण केलेलं, आणि आता पावसाने धुऊन निघालं.

श्रावणात वनिता आमच्याकडे शिवलेले ब्लाउज घेऊन आली. सहावा महिना लागला होता. दारात उभी राहून मला म्हणाली, "दादा, एक विचारू? काका मला रोज ओरडतात, पाणी उकळून पी म्हणून. गॅस किती जातो हो. तुम्ही शिकलेले. तुम्ही सांगा, पाणी चांगलंय ना?"

बायको आत होती. अण्णा पेपर वाचत होते. दुसऱ्या फ्लॅटचं गिऱ्हाईक त्या संध्याकाळी येणार होतं.

"चांगलंय," मी म्हटलं. "काकांचं काय ऐकतेस? त्यांचं डोकं फिरलंय."

"मला पण तसंच वाटतं," ती म्हणाली आणि हसली. "पण जीव लावतात हो."

गणपतीच्या आधी तिचे डोळे पिवळे झाले. आधी कोणी मनावर घेतलं नाही, मग उलट्या सुरू झाल्या, मग ती वेड्यासारखं बोलायला लागली. इस्पितळात नेलं, तिथून कोल्हापूरला न्यायची गाडी ठरेपर्यंत तिची शुद्ध गेली. डॉक्टरांनी एवढंच सांगितलं की ही पाण्यातून होणारी कावीळ आहे. मूल पोटातच गेलं होतं. दोन दिवसांनी ती गेली. आळीत त्या वर्षी गणपती बसले नाहीत. आमच्या बिल्डिंगमध्ये बसले, पण आम्ही स्पीकर लावला नाही. एवढी माणुसकी आम्ही दाखवली.

नवरा बाराव्याला पोचला, परदेशातल्या कुठल्याशा बंदरातून तीन विमानं बदलून. त्याला लोकांनी सांगितलं, पाण्यातून झालं. पाण्याला काय झालं होतं? लोकांनी सांगितलं, म्हाताऱ्याने रंग टाकलेला. स्वतः लिहून दिलंय, सोसायटीकडे कागद आहे. तो माझ्याकडे कागद बघायला आला. मी फाइल काढली आणि त्याला दाखवला. त्याने तीन वाक्यं वाचली. जायच्या आधी त्याने माझे दोन्ही हात धरले.

मी गॅलरीत होतो. त्याने काकांना घरातून ओढून अंगणात आणलं. पिशवी फेकली, ग्लास फुटला. पहिली थप्पड बसली तेव्हा त्यांचा चष्मा गेला. आळी उभी राहून बघत होती, कोणी मध्ये पडलं नाही. ते ओरडले नाहीत, हात वर केले नाहीत. तो मारत होता आणि रडत होता, आणि हे मार खाताना त्याच्याच पाठीवर हात फिरवायचा प्रयत्न करत होते. मग त्यांनी मान वर केली. चष्म्याशिवाय त्यांना चौथ्या मजल्यावरचं काही दिसत नसणार. पण मी तिथे आहे हे त्यांना माहीत होतं. मला एक हाक मारायची होती. थांब. ते चेंबर होतं. चार शब्द. मी आत गेलो आणि गॅलरीचं दार लावून घेतलं, कारण अण्णांना थंडी वाजायची.

दुसऱ्या दिवशी त्यांची सावर्ड्याची पुतणी आली आणि त्यांना घेऊन गेली. रिक्षात बसताना मी त्यांना गाठलं. का गेलो होतो, माहीत नाही. बहुतेक त्यांनी मला शिव्या घालाव्यात म्हणून. ओठ सुजला होता, बोलायला त्रास होत होता.

"खड्डा," ते म्हणाले. "अजून तीन घरं आहेत खाली."

सावर्ड्याला ते वर्षभर होते. तिथे जाऊन त्यांनी म्हणे सगळ्यात खालचं घर शोधलं नाही. पुतणी सांगत होती, दिवसभर ओटीवर बसून राहायचे, पाणी दिलं की ते न बघता पिऊन टाकायचे. फुप्फुसांनी गेले. कळलं तेव्हा मी गेलो नाही, त्या दिवशी सोसायटीची वार्षिक सभा होती.

खड्डा तिथेच आहे. आता त्याच्यावर पेव्हर ब्लॉक बसवलेत, चार गाड्या उभ्या राहतात, एक माझी. दुसराही फ्लॅट विकला गेला, चांगला भाव आला. आमच्या शहराला हल्ली लोक फार नावाजतात. निवृत्तीनंतर राहायला येतात, हवा स्वच्छ, गर्दी नाही, समुद्र जवळ. माझ्याकडे चौकशीला येतात तेव्हा मी त्यांना वरचे मजले दाखवतो.

वनिताचा नवरा अजून बोटीवर जातो. दुसरं लग्न केलं नाही. सुट्टीवर आला की पहिल्याच सकाळी मिरकरवाड्याला जाऊन मासे आणतो, आणि घरी जायच्या आधी चार मजले चढून आमच्याकडे येतो. परवाही आला. पिशवी माझ्या बायकोच्या हातात दिली. मी म्हटलं, अरे दर वेळी कशाला? तर म्हणाला, "असू दे दादा. तुम्ही तो कागद लिहून घेतलात म्हणून मला कळलं तरी, माझ्या माणसाला कोणी मारलं. नायतर आयुष्यभर दैवाला दोष देत बसलो असतो."

तो गेल्यावर बायकोने पिशवी उघडली. सुरमई होती, चांगली अडीच-तीन किलोची. तिने विचारलं, कालवण करू की तळू? मी म्हटलं, दोन्ही कर.